नदीविना वाळवंट

मराठीत 'वाळवंट' हा शब्द मुळात नदीचा आहे, हे वर्गात सांगितले की विद्यार्थी थोडे चक्रावतात. भूगोलाच्या पुस्तकाने त्यांच्या डोळ्यांपुढे उंट, खजुरीची झाडे आणि पांढरे झगे उभे केलेले असतात. पण आपल्या बोलण्यात आणि संतांच्या वाङ्मयात वाळवंट म्हणजे चंद्रभागेच्या पात्रालगतची वाळू. तिथे दिंड्या उतरतात, कीर्तने रंगतात आणि भर उन्हाळ्यातही हातभर उकरून झिरा केला की पाणी लागते. पुढे भूगोलाच्या परिभाषेला मरुभूमीसाठी नाव हवे झाले तेव्हा तिने हाच शब्द उचलला. शब्द असे प्रवासाला निघतातच, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु त्यामुळे ज्या प्रदेशात नदीच नाही त्यालाही आपण नदीच्या अंगणाचे नाव देऊन बसलो, आणि वाळूखाली कुठेतरी पाणी असणारच हा विश्वास त्या नावाबरोबर आपसूक आला. मराठवाड्यातल्या माणसाला हा विश्वास किती महागात पडतो, हे तिथल्या बोअर मोजल्या की कळते.

आम्ही दोघे सख्खी भावंडे, दोघेही मराठीचे अध्यापक. थोरली पुण्यात, धाकटा लातुरात. दोघांचीही चाळिशी उलटली आहे. बालपण औसा तालुक्यातल्या एका खेड्यात गेले. त्यानंतरच्या वीस वर्षांत आम्ही भेटलो ते लग्नकार्यांत आणि मर्तिकांत. सलग सहा दिवस एका गाडीत शेजारी बसण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. तो गेल्या डिसेंबरात आला. पुण्याहून जोधपूरपर्यंत रेल्वे, पुढे भाड्याची गाडी. चालक धाकटा, वाटाडी थोरली. कुणी विचारले तर 'सहज फिरायला' असे आम्ही सांगत होतो. खरी कारणे दोन होती.

पहिले कारण जुने. आमच्या गावातल्या एकुलत्या किराणा दुकानाचे मालक मूळचे फलोदीकडचे. तीन पिढ्या गावात काढून ते आमच्याहून ठसकेबाज मराठी बोलत. त्यांच्या घरी पाणी मागितले की पेला अर्धाच भरून मिळे. तो संपला तर पुन्हा अर्धा. तांदूळ धुतलेले पाणी गाईला, हात धुतलेले तुळशीला. गाव याला चिक्कूपणा म्हणे. दुकानदारकाका रागावत नसत. 'एकदा आमच्या मुलखाला चला, मग बोला,' एवढेच म्हणत. ते जाऊनही आता बरीच वर्षे झाली. आमंत्रण तेवढे आमच्याकडे राहिले होते.

दुसरे कारण गाडीच्या मागच्या सीटवर एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये होते. वडील २०२२ मध्ये गेले, आई त्याआधीच. मागे अकरा एकर कोरडवाहू रान, आजोबांनी खोदलेली एक विहीर आणि कोरड्या गेलेल्या पाच बोअर. सातबाऱ्यावर वारस म्हणून आम्हां दोघांची नावे चढली. धाकट्याला रानात शेततळे घ्यायचे आहे, आणि कर्जाच्या प्रत्येक कागदावर दोघांच्या सह्या लागतात. एका सहीसाठी थोरलीने पुण्याहून औशाला यायचे, साहेब त्या दिवशी दौऱ्यावर निघायचे, म्हणजे पुन्हा एक खेप. असे दोनदा झाल्यावर वकिलाने सुचवले की हक्कसोडपत्र करून टाका. मसुदा तयार झाला. मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायद्याने दिला. गाव मात्र अजूनही तो वाटा भाऊबिजेच्या ताटात परत यावा अशी वाट पाहत असते. धाकट्याच्या मनात लोभ नव्हता, हे थोरलीला ठाऊक होते. थोरलीला पैशाची गरज नाही, हे धाकट्याला ठाऊक होते. म्हणूनच त्या फाईलविषयी बोलणे अवघड होते. पहिले तीन दिवस कुणी तिचे नाव काढले नाही.

जोधपूर सोडून ओसियांच्या रस्त्याला लागलो तेव्हा पहिला भ्रमनिरास झाला, तो म्हणजे वाळवंट हिरवे होते. गर्द नव्हे, पण दूरदूरवर एकेक झाड उभे, आणि ते झाड आमच्या ओळखीचे निघाले. मारवाडात त्याला खेजडी म्हणतात, ग्रंथांत शमी, आणि आमच्या भागात सौंदड. आमच्या रानाच्या बांधावर एक सौंदड आहे. वर्षातून एकदा, दसऱ्याला, गावाला तिची आठवण होते. इथे तिची आठवण रोज काढावी लागते. पाला शेळ्या-उंटांना, शेंगांची सांगरी माणसांना, सावली पिकाला. जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३० मध्ये राजाची माणसे ही झाडे तोडायला आली तेव्हा अमृतादेवीच्या मागोमाग ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी झाडांना मिठ्या मारून प्राण दिले. दसऱ्याच्या पूजेने आपल्याकडे झाड देव झाले आणि बांधावर एकटे पडले. इथे ते कुटुंबातले राहिले. धाकट्याचे म्हणणे पडले की मराठवाड्यात काळ्या रानात ट्रॅक्टर फिरवायचा तर मध्ये झाड परवडत नाही. ते खरेच आहे. थोरलीने त्यावर काही म्हटले नाही, सांगरीची भाजी मात्र दोन वेळा मागवली.

फलोदीला दुकानदारकाकांच्या गावाची चौकशी करण्यात अर्थ नव्हता. तिथे आता त्यांचे कुणी नाही. शेजारच्या खीचनला मात्र गेलो. हिवाळ्यात तिथे हजारो करकोचे उतरतात. मारवाडीत त्यांना कुरजां म्हणतात. मध्य आशियातून हिमालय ओलांडून ते येतात, आणि गावकरी त्यांच्यासाठी धान्य टाकतात. सकाळच्या उन्हात राखाडी पाखरांचा तो समुदाय एका सुरात ओरडत उतरताना आम्ही पाहिला. परदेशी गेलेल्या नवऱ्याला निरोप पोचव, अशी कुरजांची विनवणी करणारी लोकगीते इकडे घरोघर आहेत. आपल्या ओव्यांत माहेरचा निरोप आणायला कावळा असतो. दोहोंत अंतराचा फरक आहे: मारवाडची बाई ज्याची वाट पाहते तो माणूस लातूर-सोलापूरच्या बाजारपेठेत दुकान थाटून बसलेला असे, आणि तिथवर कावळा पुरत नाही.

चहाच्या टपरीवर एका वृद्ध गृहस्थांशी गप्पा झाल्या. ते मारवाडी बोलत, आम्ही मोडके हिंदी, आणि मधून मधून दोन्ही भाषा आपोआप एकत्र येत. मारवाडीत आपल्यासारखाच खणखणीत 'ळ' आहे. हिंदीच्या पट्ट्यातून गेल्यावर तो कानावर पडला की घरचे कुणी भेटल्यासारखे वाटते. त्या गृहस्थांच्या तोंडी पुन्हा पुन्हा 'काळ' येत होता. आम्हांला वाटले, ते जुन्या काळाविषयी सांगताहेत. ते दुष्काळाविषयी सांगत होते. मारवाडीत काळ म्हणजेच दुष्काळ. आपण लावतो तो 'दुष्' हा उपसर्ग त्यांना लागत नाही. त्यांच्याकडे त्याचे प्रकारही आहेत. धान्य पिकले नाही तर अन्नकाळ, पाणी आटले तर जळकाळ, गवत उगवले नाही तर तिणकाळ, आणि तिन्ही एकत्र आले की त्रिकाळ. मराठीत त्रिकाळ म्हणजे भूत, वर्तमान, भविष्य, किंवा फार तर दिवसातून तीनदा करायची संध्या. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इसवी १८९९-१९०० चा, 'छप्पनियो काळ' असा त्रिकाळ होता. त्याचे नाव ते गृहस्थ एखाद्या पूर्वजाचे घ्यावे तसे घेत होते.

याच फलोदीत १९ मे २०१६ रोजी तापमान ५१ अंशांवर गेले होते. त्या उन्हाळ्याची आमची आठवण वेगळी आहे. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मिरजेहून कृष्णेचे पाणी भरून रेल्वेगाडी लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर. फलाटावर माणसे तिचे फोटो काढायला उभी होती. धाकटा त्यांत होता. लातूरला वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जैसलमेरला दोनशेसुद्धा पडत नाही. हे दोन आकडे शेजारी ठेवून आम्ही कितीतरी वेळ गाडीत गप्प बसलो होतो. उसाचे नाव निघाले असते तर भांडण झाले असते, कारण उसावर दोघांची मते ठाम आणि परस्परविरोधी आहेत.

रामदेवऱ्याला गर्दी नव्हती. भाद्रपदातल्या जत्रेखेरीज ती नसते म्हणतात. हिंदू ज्याला रामदेव म्हणतात त्याला मुसलमान रामशाह पीर म्हणून भजतात. आम्हांला तिथे वेगळेच काही दिसले. रामदेवांच्या समाधीशेजारी डालीबाईची समाधी आहे. मेघवाळ समाजातली ही मुलगी रामदेवांनी धर्माची बहीण मानली होती, आणि तिने त्यांच्याआधी समाधी घेतली अशी श्रद्धा आहे. भावाच्या देवळात बहिणीला जागा कुणी दिली, की ती तिने आधीच धरून ठेवली होती, असा प्रश्न थोरलीने विचारला. धाकटा म्हणाला, 'अक्का, चल. ऊन चढायलंय.'

पोखरणविषयी लिहिण्यासारखे आमच्याजवळ काही नाही. १९७४ आणि १९९८ चे स्फोट जिथे झाले ती जमीन कुणाला पाहू देत नाहीत. रस्त्यावरून दिसते ती इतर जमिनीसारखीच दिसते.

जैसलमेर पहिल्यांदा दिसते तेव्हा सत्यजित राय यांच्या 'सोनार केल्ला'ची आठवण न होणे कठीण. ११५६ मध्ये वसलेले हे शहर, पिवळ्या दगडाचा तो किल्ला आणि त्यात आजही राहणारी माणसे. त्याचे सौंदर्य इतरांनी पुष्कळ वर्णिले आहे. आमच्या मनात घर केले ते त्याच्या आजाराने. कित्येक शतके किल्ल्यात पाणी डोक्यावरच्या घड्यांतून येत होते. मग नळ आले, न्हाणीघरे आली, हॉटेले झाली. त्या पाण्याची वाट लावणारी गटारे मात्र पुरेशी नव्हती. ते किल्ल्याखालच्या मऊ थरांत मुरू लागले आणि बुरूज ढासळू लागले. २०१३ मध्ये हा किल्ला जागतिक वारसा यादीत गेला. तोफांना दाद न देणारी वास्तू सांडपाण्याने खचावी, हे वाचून ठाऊक असणे वेगळे आणि भिंतीवरची ओल बोटाने तपासणे वेगळे.

शहराला पाणी पुरवत आला तो गडीसर तलाव, तोही निव्वळ पावसाच्या पाण्यावर. पुढे सतलज-बियासचे पाणी हरिकेच्या बंधाऱ्यातून शेकडो किलोमीटर दूर आणणारा कालवा झाला. १९५८ मध्ये काम सुरू झाले तेव्हा तो राजस्थान कालवा होता, नंतर इंदिरा गांधी कालवा झाला. त्याने गव्हाची शेते दिली आणि काही भागांत जमीन पाणथळही करून ठेवली. कालव्याविरुद्ध बोलणे आम्हांला जड जाते. रेल्वेने आलेले पाणी प्यालेल्या माणसांनी लांबून आणलेल्या पाण्याला नावे ठेवू नयेत.

कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांनी सोडून दिलेले गाव जैसलमेरपासून फार लांब नाही. दिवाण सालिमसिंहाच्या जुलमाला कंटाळून चौऱ्याऐंशी गावे एका रात्रीत उठली, अशी कथा तिथे सांगतात. भुताखेतांची फोडणीही देतात. अभ्यासकांचा कल पाणी हळूहळू आटत गेले याकडे आहे. छप्पर नसलेल्या घरांच्या त्या सरळ ओळींतून फिरताना आम्हां दोघांनाही एकाच वेळी 'बनगरवाडी' आठवली, आणि याचे कारण आम्ही दोघेही ती शिकवतो एवढेच नव्हे. माडगूळकरांच्या १९५५ च्या त्या कादंबरीत अखेर दुष्काळ गाव रिकामे करतो. तिथे कुणी शाप देत नाही, दिवाणही नसतो. दंतकथेला खलनायक लागतो. माडगूळकरांना तो लागला नाही. मराठी कादंबरीने त्या जागी जे करून ठेवले आहे त्याचे मोल आम्हांला कुलधऱ्यात अधिक कळले.

पालीवाल गेले, पण त्यांनी रुजवलेली शेती राहिली. तिचे नाव खडीन. जैसलमेरच्या आसपास ती आजही करतात, आणि एका खडीनाच्या पाळीवर आम्ही अख्खी दुपार काढली. वरच्या बाजूला खडकाळ उतार. पावसाळ्यात पडेल ते थोडे पाणी त्या खडकावरून न मुरता वाहत खाली येते. खाली, जिथे उतार संपतो तिथे, मातीची लांबलचक पाळ घातलेली असते. तिच्यामागे पाणी साचते, गाळ बसतो, जमीन पोटभर पिते. पावसाळा सरला की उरलेले पाणी मोरीतून सोडून देतात आणि त्या ओलीवर गहू-हरभरा पेरतात. विहीर नाही, पंप नाही, पुन्हा पाणी देणे नाही. पंधराव्या शतकापासून हे चालत आले आहे. आम्ही गेलो तेव्हा गहू वीतभर झाला होता. दोनशे मिलिमीटरांच्या आतल्या पावसात, सिंचनाविना, गहू! धाकट्याने वाकून माती मुठीत घेतली, दाबली, सोडली, पुन्हा घेतली.

शेताच्या मालकांना आम्ही विचारले, हे खडीन कुणाचे? ते म्हणाले, पाळ सगळ्यांची, पट्टे ज्याचे त्याचे. पाळ फुटली तर सगळ्यांनी यायचे, मग कुणी कितीही लांब असो. त्यांचा एक भाऊ सुरतेला हिऱ्याच्या कारखान्यात आहे. तोही पाळीच्या कामाला येतो की नाही, असे थोरलीने मुद्दाम विचारले. 'येतो. कधी पैसे पाठवतो. पट्टा त्याच्या नावाचा आहे ना,' असे उत्तर आले. धाकट्याने हे ऐकले आणि तो पाळीच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला.

त्याच गृहस्थांनी आम्हांला बेरी दाखवली. ही विहीर नव्हे. आत माणूस जेमतेम मावेल एवढा अरुंद, खोल खड्डा, तोंडावर झाकण. वाळूच्या खाली काही ठिकाणी खडूसारख्या दगडाचा, जिप्समचा, पट्टा असतो. पावसाचे पाणी वाळूत मुरते, त्या पट्ट्यावर अडते, आणि खालच्या खाऱ्या पाण्यात न मिसळता वाळूच्या कणांत ओल होऊन राहते. बेरी खोदली की ती ओल थेंबाथेंबाने तिच्यात पाझरते. अनुपम मिश्र यांनी 'राजस्थान की रजत बूँदें' या १९९५ च्या पुस्तकात पाण्याची मारवाडी वर्गवारी सांगितली आहे: पावसाचे वाहते ते पालर पाणी, जमिनीच्या पोटातले ते पाताळ पाणी, आणि या दोहोंच्या मध्ये अडून राहिलेले ते रेजाणी पाणी. आपल्याला पहिली दोन ठाऊक असतात. तिसऱ्यासाठी मराठीत एक 'ओल' हा शब्द आहे. पण ओलीचे पाणी प्यायचे असते हे आपल्याला कधी सुचलेच नाही, कारण हातभर उकरले की झिरा लागत होता.

'नात्यातही असा एक थर असतो, नाही?' थोरली म्हणाली.

'अक्का, ही उपमा वर्गात वापर. इथं नको,' धाकटा म्हणाला, आणि आम्ही दोघेही बऱ्याच दिवसांनी मोकळे हसलो.

समच्या टेकड्यांवर एक संध्याकाळ गेली. वाळू सुंदर होती. ध्वनिवर्धक मोठे होते.

बोलणे झाले ते जैसलमेरहून बाडमेरच्या वाटेवर. रस्ता सरळसोट, समोर कुणी नाही. अशा रस्त्यावर एकमेकांकडे न पाहता बोलता येते. धाकट्याने सुरुवात केली. जमीन एकट्याची व्हावी असे त्याला कधीच वाटले नव्हते, फक्त दर वेळी सहीसाठी तिला बोलावताना आपण काही मागतो आहोत असे वाटायचे, ते टाळायचे होते. थोरली म्हणाली, 'सहावीपासून बारावीपर्यंत त्या विहिरीचं पाणी मी वाहिलंय बापू. तू लहान होतास. सातबाऱ्यावर माझं नाव राहू दे. पीक तुझं, बांध तुझा. नाव राहू दे.'

'मग सहीला यावं लागंल. दर वेळेला.'

'येईन की.'

यानंतर जे झाले ते आमच्या घराण्याला साजेसे झाले. हा विषय पाच मिनिटांत संपला आणि शेततळ्यावरून दोन तास वाद झाला. थोरलीचे म्हणणे असे की प्लास्टिक अंथरून बोअरच्या पाण्याने भरायचे तळे म्हणजे पाताळ पाणी वर काढून उन्हात वाळत घालणे. खडीन पाहून आल्यावर तरी हे करू नये. धाकट्याचे उत्तर बिनतोड होते. खडीनाला वर खडक लागतो. आपल्या वरच्या बाजूला खडक नाही, दुसऱ्याचे काळे रान आहे, आणि काळ्या रानात पाणी तुंबले तर सोयाबीन कुजते. 'राजस्थानची पाळ उचलून औशाला नेता येत नसते, अक्का.' मग बोअरऐवजी ओढ्याच्या पावसाळी पाण्याने तळे भरता येईल का, विहिरीचा गाळ काढून बांधावरून वाहणारे पाणी तिच्यात वळवता येईल का, अशी चर्चा सुरू झाली. बाडमेर कधी आले ते कळले नाही.

जोधपूरला गाडी परत केली तेव्हा फाईल मागच्या सीटवरून थोरलीच्या पिशवीत गेली. सहीची जागा कोरी आहे. पाडव्याच्या आधी औशाला जाऊन पीककर्जाच्या कागदांवर दोघांनी सह्या केल्या. साहेब जागेवर होते. विहिरीतला गाळ उन्हाळ्यात काढायचा आहे, त्यासाठी अर्धे पैसे थोरली पाठवणार आहे. शेततळ्याचे अजून काही ठरलेले नाही. रविवारी सकाळी त्यावरून फोनवर भांडण असते.